तरवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठी, वालावल नावाचे गाव आहे. माडा-पोफळींच्या दाट सावलीत ते असे लपून बसलेले आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत तेथे वस्ती आहे याचा पत्ताही लागू नये. गावाचे दैवत श्रीलक्ष्मीनारायण. त्याच्या जुन्या मंदिराला लागूनच एक तळे आहे. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा काठचे माड त्या पाण्यात जसेच्या तसे उमटतात. मग कोठूनशी एखादी झुळूक येते आणि पाण्यातला प्रत्येक माड थरथरू लागतो. काठावरचा माड मात्र निश्चल उभा असतो.

या तळ्याकाठी रोज पहाटे येऊन बसणाऱ्या एका वृद्ध मृदंगवादकांना हे दृश्य लहानपणापासून परिचयाचे होते. परंतु एके दिवशी वारा नसतानाही काहीतरी थरथरत असल्याचे त्यांना जाणवले. त्यांनी खाली पाहिले. मांडीवर ठेवलेला त्यांचाच उजवा हात थरथरत होता.

आजोबांचे सारे आयुष्य दशावतारी खेळांत गेले होते. कार्तिक उजाडला, की गावोगावच्या जत्रा सुरू होत आणि मृदंग खांद्यावर घेऊन ते रात्र रात्र घराबाहेर असत. दशावतारात नेपथ्याचा फारसा पसारा नसतो. एक बाकडे, पायपेटी, झांज आणि मृदंग एवढ्यावर सारा खेळ उभा राहतो. त्यातही मृदंगाचे काम मोठे नाजूक. राजा प्रवेश करतो तेव्हा त्याच्या पावलाला भारदस्तपणा येतो तो मृदंगाने. दोन वीर तलवारी घेऊन एकमेकांवर धावतात तेव्हा त्यांच्या अंगात आवेश भरतो तोही मृदंगानेच. नट कितीही चांगला असला, तरी मृदंग चुकला की त्याचे पाऊल चुकते. आजोबांचा मृदंग कधी चुकला नव्हता.

म्हणूनच की काय, त्या थरथरणाऱ्या हाताकडे त्यांनी प्रथम दुर्लक्ष केले. गंमत अशी, की हात स्वस्थ असला की थरथरे आणि काही उचलायला पुढे केला की काही वेळ शांत होई. जपमाळ ओढावी तसा अंगठा बोटांवर फिरत राही. पुढे आणखी काही गोष्टी घडू लागल्या. नारळांच्या हिशेबाच्या वहीतील त्यांचे टपोरे अक्षर बारीक होत होत मुंगीएवढे झाले. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागू लागला. चालताना उंबरठ्यापाशी आले, की पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. चेहऱ्यावरचे हसू तर कोठे नाहीसेच झाले. सातवीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीला वाटले, की आजोबा आपल्यावर रागावले आहेत. तिने एकदा भीतभीत विचारलेही. तेव्हा आजोबा हळू आवाजात म्हणाले, "रागावलंय नाय गो चेडवा. हात माझोच, पण आता माझा आयकणा नाय."

कुडाळच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, चालून दाखवावयास सांगितले, कागदावर एक ओळ लिहून घेतली आणि नंतर मोठ्या शहरातील मेंदूच्या तज्ज्ञांकडे पाठविले. निदान एकच झाले. तो पार्किन्सनचा आजार होता. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात.

जेम्स पार्किन्सन हे लंडनचे एक डॉक्टर होते. सहा रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांनी 1817 साली या आजारावर एक निबंध लिहिला. त्या सहांपैकी काही जण तर त्यांना रस्त्यावरच दिसलेले होते. आजाराचे कारण मात्र त्यांना उमगले नव्हते. ते उमगण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्या मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. या आजारात त्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. हात थरथरू लागतो, तोपर्यंत त्यांतील पुष्कळशा नाहीशा झालेल्या असतात.

डॉक्टरांनी हे आजोबांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगितले. "आजोबा, तुमचे हातपाय म्हणजे खेळातले नट आहेत. त्यांना आपापले काम येते. पण त्यांना वेळेवर उठवणारा मृदंग म्हणजे हे डोपामीन. तो मृदंगच आता मंद झाला आहे."

आजोबांनी मान हलविली. मृदंग मंद झाल्यावर खेळाचे काय होते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

औषध सुरू झाले. त्या औषधाची हकिकत मोठी मनोरंजक आहे. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञाने काही सशांना रेसर्पिन दिले. रेसर्पिन हे आपल्या देशातील सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांत सापडणारे द्रव्य. ते दिल्यावर ससे कान पाडून निपचित पडले. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे उठून पूर्वीसारखे हिंडू लागले! या डोपाचे मेंदूत डोपामीन होते. कार्लसन यांना पुढे 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे डोपा आपल्या ओळखीच्या एका वेलीतही असते. रानात जिच्या शेंगांना हात लागला की अंगाची आग होते, त्या खाजकुयलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी ते 1937 सालीच वेगळे काढले होते. अर्थात कोणी उठून त्या बिया खाव्यात असा याचा अर्थ नव्हे. औषध आणि विष यांतील अंतर पुष्कळदा मात्रेचेच असते.

गोळ्यांनी आजोबांना बराच आराम पडला. हात वश झाला, गुंडी लागू लागली. परंतु या गोळ्या डोपामीनची भर घालतात. ते तयार करणाऱ्या पेशींचा नाश त्या थांबवीत नाहीत. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर ओसरू लागला. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळी आजोबा पुन्हा खुर्चीत खिळून राहू लागले. मृदंग खुंटीला टांगला गेला आणि त्याच्यावर धूळ बसू लागली.

अशा दिवसांत मुंबईचे एक नातेवाईक एक छापील पत्रक घेऊन आले. कोठल्याशा शहरातील एका दवाखान्याचे ते पत्रक होते. 'मूलपेशींनी कंपवात मुळापासून बरा' असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. खर्च काही लाखांचा होता. आजोबांच्या मुलाने ते पत्रक दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोंगरावरच्या बागेत गेला आणि हापूसची कलमे मोजून आला. चाळीस होती. ती आजोबांनी स्वतः लावलेली, खांद्यावरून पाणी वाहून वाढविलेली. ती विकली तर खर्चाची तोंडमिळवणी होत होती. गिऱ्हाईकही पाहून झाले.

मुलाचे चुकले असे कोण म्हणेल? ज्या बापाने रात्ररात्र मृदंग वाजवून आपल्याला वाढविले, तो डोळ्यांसमोर असा थिजत चाललेला पाहणे आणि झाडे राखून ठेवणे, ही गोष्ट सोपी नव्हती. नातीच्या मनात मात्र एक शंका आली. विज्ञानाच्या तासाला गुरुजी नेहमी सांगत, की कोणी काही सांगितले तर 'हे कशावरून?' असे विचारावे. तिने ते पत्रक उलटसुलट करून पाहिले. बरे झालेल्या माणसांचे हसरे चेहरे त्यावर होते. पण 'कशावरून' याचे उत्तर कोठेच नव्हते. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा ना."

आषाढाचे दिवस होते. आजोबांना पाहण्यासाठी डॉक्टर एका रविवारी वालावल गावी आले, तेव्हा कुणग्यांतून लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात उभा राहून मुलगा तरवा लावीत होता. भाताच्या कोवळ्या रोपांना कोकणात तरवा म्हणतात. मुलाने मेरेवर येऊन हात धुतले आणि खिशातील पत्रक डॉक्टरांच्या हातात दिले.

डॉक्टरांनी ते वाचले. ते हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. समोरच्या तरव्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "हा तरवा तुम्ही एकदम चिखलात का पेरला नाहीत?"

"आधी वाफ्यात वाढवावा लागतो," मुलगा म्हणाला. "फार कोवळा लावला तर कुजतो. जून झाला तर फुटवे धरीत नाही. नेमक्या दिवसांचाच लागतो."

"आणि लावल्यावर?"

"काही मुळे धरतो, काही मरतो. तण माजले तर सगळेच जाते. कणीस हाती येईपर्यंत काही खरे नाही."

"मग मूलपेशींचे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजेल," असे म्हणून डॉक्टर तेथेच मेरेवर बसले आणि सांगू लागले. मूलपेशी म्हणजे शरीरातील जणू बियाणे. तिच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकतात. मेंदूत ज्या पेशी मेल्या, त्यांच्या जागी नव्या पेशींचा तरवा लावावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना खोटी नाही. 1987 साली स्वीडनमधील लुंड येथे गर्भातील मेंदूच्या पेशी घेऊन कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत त्यांचे रोपण करण्यात आले. पुढे काही रुग्ण खरोखर सुधारले. सगळ्यांना आशा वाटू लागली.

"मग झाले तर!" मुलगा उतावळेपणाने म्हणाला.

"थांबा. आशा वाटली म्हणूनच तिची परीक्षा घ्यावी लागली," डॉक्टर म्हणाले. "अमेरिकेत 40 रुग्ण निवडले. 20 जणांच्या मेंदूत पेशी लावल्या. बाकीच्या 20 जणांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडली. आत काहीच सोडले नाही. कोण कोणत्या गटात आहे, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते."

नातीने डोळे मोठे केले. "असे का केले?"

"कारण 'मी बरा होणार' या नुसत्या विश्वासानेही माणसाला काही काळ बरे वाटते. बरे पेशींनी वाटले, की विश्वासाने, हे ओळखायचे कसे? या प्रयोगाचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. तरुण रुग्णांना थोडाफार लाभ झाला, वृद्धांना फारसा झाला नाही. आणि ज्यांच्या मेंदूत पेशी लागल्या, त्यांच्यापैकी काहींचे हातपाय पुढे आपोआप वेडेवाकडे हलू लागले. औषध बंद केले, तरीही ते थांबेनात."

कोणी काही बोलले नाही. पाटाच्या पाण्याचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता.

"पण शास्त्रज्ञांनी शेत टाकून दिले नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "त्यांनी बियाणे सुधारले. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे केले. म्हणजे गर्भातील पेशींवाचून काम चालेल असा मार्ग निघाला. त्यांना 2012 साली जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मग क्योटो विद्यापीठात अशा पेशींपासून डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचा तरवा काढला. फार कोवळा नाही, फार जून नाही. तुमच्यासारखाच नेमक्या दिवसांचा. 7 रुग्णांच्या मेंदूत तो लावला आणि दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. 2025 च्या एप्रिलमध्ये ते निष्कर्ष जगापुढे आले. पेशी जगल्या, डोपामीन करू लागल्या. गाठी झाल्या नाहीत. तण माजले नाही म्हणा ना! ज्या 6 जणांत गुण किती आला हे मोजले, त्यांपैकी 4 जणांची हालचाल औषधाचा अंमल नसतानाही सुधारलेली दिसली. दोघांची सुधारली नाही. सात माणसे म्हणजे एक लहानसा कुणगा. सारे शेत पिकले असे त्यावरून म्हणता येत नाही. आणखी माणसांवर, आणखी वर्षे ते पाहावे लागते."

"आणि या पत्रकात आहे ते?"

"यात कमरेच्या हाडातल्या आणि चरबीतल्या पेशी शिरेत सोडू म्हणतात. त्या मेंदूत जाऊन डोपामीन करतात, असे भरवशाच्या कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही. वाफा नाही, चिखलणी नाही. मूठभर दाणे रस्त्यावर फेकायचे आणि कणसांचे पैसे आधी घ्यायचे! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 साली नियम घालून दिले, की रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता मूलपेशींचा उपयोग मंजूर झालेल्या चाचणीतच करावा आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. तुम्ही दवाखान्याला तीनच प्रश्न विचारा. चाचणीची सरकारी नोंद आहे काय? पैसे कशाबद्दल घेता? आणि धोके कोणते?"

मुलाने सायंकाळी दूरध्वनी केला. पलीकडच्या माणसाने पहिल्या प्रश्नाला बगल दिली. दुसऱ्याला तो म्हणाला, की या महिन्यात भरल्यास सवलत मिळेल. तिसऱ्याला त्याने छातीठोकपणे सांगितले, की धोका मुळीच नाही. मुलाने यंत्र खाली ठेवले. त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. फसवणुकीतून वाचल्याचा आनंद त्यात नव्हता. धरलेली एक फांदी हातातून सुटल्याचे दुःख होते.

आजोबा खुर्चीत बसून सारे ऐकत होते. बोलावयास त्यांना वेळ लागे. थोड्या वेळाने ते म्हणाले, "झिला, मृदंगाची वादी ताणूक व्हयी. पण घाय केलीस तर पुडी फाटता. कलमा इकू नको." आणि मग खुंटीकडे पाहून म्हणाले, "तो खाली काढ."

मुलाने धूळ झटकून मृदंग खाली आणला. आजोबांच्या हातून पूर्वीचे बोल निघाले नाहीत. पण नातीला त्यांनी शेजारी बसविले आणि साध्या चार मात्रांचा ठेका शिकविला. दोन दिवसांनी एक नवल घडले. नात पडवीत ठेका धरून बसली होती आणि आजोबा आतून येत होते. उंबरठ्याशी त्यांचे पाय नेहमीप्रमाणे खिळले. परंतु ठेक्याची सम आली आणि तिच्याबरोबर पाऊल उचलले गेले! मग दुसरे, मग तिसरे. डॉक्टरांना हे कळले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. आतला ताल मंदावला, तर बाहेरच्या तालाचा आधार घेऊन पाऊल टाकता येते, हे कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांत दिसून आलेले आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि त्यांची माणसे एकत्र जमतात, एकमेकांना धीर देतात. तेथील रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालविले गेले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यायाम, वेळच्या वेळी गोळी, माणसांची सोबत आणि ताल, या चार गोष्टींना कोठलीही कलमे विकावी लागत नाहीत.

आजोबा बरे झाले, असे मात्र कोणी समजू नये. आजार आहेच. काही दिवस चांगले जातात, काही वाईट. वाईट दिवशी ठेकाही उपयोगी पडत नाही आणि मग नात नुसती त्यांचा हात धरून बसते.

नारळांच्या हिशेबाची वही आता तीच लिहिते. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने एक ओळ लिहून ठेवली आहे: 'क्योटो, 2025. माणसे 7. मोजली 6. सुधारली 4.' तिच्याखाली बरीच जागा कोरी सोडलेली आहे.

एकदा आजोबांनी ते पान पाहिले आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिले.

"पुढची लावणी झाली की लिहायला," ती म्हणाली.

आजोबांचा चेहरा हलला नाही. तो आता सहसा हलत नाही. पण वहीवर ठेवलेले त्यांचे बोट सावकाश चार मात्रांचा ठेका वाजवीत होते, हे नातीने पाहिले. तिने मृदंग जवळ ओढला आणि साथ धरली.